हात वर करायचा नियम

उपेंद्र धामणकर हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मला राग आवरणार नाही, म्हणून.

दुबईत ऊद मेथातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. रास अल खोरच्या एका गोदामात ते ट्रकचे स्पेअर पार्ट विकतात, व्हिजिटिंग कार्डावर सेल्स मॅनेजर असं छापलंय. पण ओळख विचारलीत तर म्हणतील, "मी सांगलीचा चढाईपटू." कॉलेजात त्यांनी कबड्डी गाजवली, मग गुडघा गेला, नोकरी लागली आणि दुबईला आले. इथे केस पिकले तरी मैदान काही अंगातून उतरलं नाही. लिफ्टमध्येसुद्धा एक पाय पुढे टाकून उभे राहतात. कुणालाही न शिवता परत येणारा चढाईपटू त्यांच्या लेखी माणसात जमा नाही. "रिकामा आलास?" हा त्या घरातला सगळ्यात मोठा अपमान. मुलाला मार्क कमी पडले तरी हेच, आणि बायकोला, हेमाला, सुपरमार्केटात कोथिंबीर मिळाली नाही तरी हेच.

मुलगा एकुलता एक, वेदांग. जन्म इथला, शाळा मी शिकवते तीच, आणि गणित माझ्याच हाताखाली शिकला. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. "एक वाक्य तरी मराठीत बोल रे, कान तरसले माझे," उपेंद्रभाऊ म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "बाबा, आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, नो?" आणि बॅग उचलून प्रॅक्टिसला पळायचा.

प्रॅक्टिस अमेरिकन फुटबॉलची. इथल्या युनिव्हर्सिटीतल्या पोरांची एक छोटी लीग आहे, त्यात तो खेळायचा. त्या खेळात किकऑफ म्हणून एक प्रकार असतो. एका संघातला एकजण चेंडू उंच लाथाडतो आणि त्याचे सगळे गडी चेंडूमागे जीव खाऊन धावतात. पार दुसऱ्या टोकाला एक पोरगा मान वर करून चेंडूची वाट बघत उभा असतो. चेंडू झेलायचा आणि समोरून येणाऱ्या त्या लोंढ्यात घुसायचं, हे त्याचं काम. तो पोरगा म्हणजे आमचा वेदांग.

उपेंद्रभाऊंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीवरून उठलेच. "अगं हेमा, ही तर चढाई आहे!"

तेव्हापासून ते दर प्रॅक्टिसला हजर. कोच होता रिझवान, अमेरिकेत वाढलेला, तिथल्या कॉलेजकडून खेळलेला. भाऊंनी त्याला थेट कबड्डीची साखळीच शिकवायला घेतली. "कोच, तीन लडके हाथ पकडके आगे, पीछे वेदांग. कोई तोड नहीं सकता!" रिझवान हसला नाही. म्हणाला, "अंकल, इसको वेज बोलते हैं, पच्चर जैसा. पहले चलता था, अब बॅन है. मेरा दोस्त उसी में गिरा था, आज तक गर्दन नहीं घूमती." भाऊंना ते काही पटलं नाही.

त्या वर्षी लीगनं अमेरिकेतल्या कॉलेजांचा आणखी एक नियम घेतला. रिझवाननं आम्हा सगळ्यांना बसवून तो समजावून सांगितला. झेलणाऱ्यानं चेंडू हवेत असतानाच हात डोक्यावर नेऊन हलवला, तर त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यानं नुसता झेल घ्यायचा, याला फेअर कॅच म्हणतात. आपल्या पंचवीस यार्डांच्या रेषेमागे कुठेही झेलला, तरी पुढचा खेळ त्या रेषेपासून सुरू होणार. "सबसे बुरी टक्कर किकऑफ में ही होती है, अंकल. और दौडके अक्सर पच्चीस तक पहुंचते भी नहीं. हाथ उठाओ, फ्री में मिलता है."

मी गणिताची बाई, मला हे लगेच पटलं. समोरचे मुद्दाम चेंडू उंच आणि आखूड मारून पोराला कोंडीत पकडायचे, तो डावही त्या नियमानं बाद झाला. हेमाचा चेहरा तर कितीतरी दिवसांनी सैल झाला. उपेंद्रभाऊ मात्र तोंड कडू करून बसले. "म्हणजे रिकामं यायचं आणि वर पंचवीस यार्ड बक्षीस?"

पण डोकं त्यांचं चढाईपटूचं. दोनचार सामने बघून त्यांनी बरोबर हेरलं की, समोरचे गडी आता मध्येच पाय आवरते घेतात. झेलणारा हात वर करणारच, असं सगळे धरूनच चालायचे. "ते सैल पडतात ना, तेव्हाच घुसायचं," त्यांनी वेदांगला सांगितलं. "तू हात वर करू नको."

पुढच्या सामन्यात वेदांगनं हात वर केला नाही. समोरचे उभ्या उभ्या बघत राहिले आणि पोरगा थेट शेवटच्या रेषेपार. रिझवान बाकावरून ओरडत होता, "आय सेड फेअर कॅच!", पण गुण मिळाल्यावर त्याचं कोण ऐकतो! भाऊंनी त्या रात्री व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. स्लो मोशनमध्ये, वर आपल्या आवाजातलं वर्णन, आणि समोरचे कुठे सैल पडले तिथे लाल बाण.

"भाऊ, हे समोरचेही बघतील ना?" मी विचारलं.

"बघू देत की, सुचित्राताई! कळू दे कुणाशी गाठ आहे ते."

त्याच्या पुढच्या सामन्यात वेदांगला जोरात टक्कर बसली. उठला, खेळला, घरी आला. त्यानंतर मात्र त्या घरात काहीतरी बिघडलं. खोलीत दिवा लावला की तो चिडायचा. जेवताना आमटीत मीठ घालायचा आणि लगेच पुन्हा घालायचा. एका संध्याकाळी माझ्या दाराच्या कुलपात कुणीतरी किल्ली खुपसत होतं. उघडून बघते तर वेदांग. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सॉरी मावशी." लहानपणापासून ज्या दारातून आत-बाहेर केलं, ते दार पोरगं चुकलं.

मी भाऊंना स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "झोप पुरत नाही हो त्याला. असाइनमेंट्स असतात." लीगचा नियम होता की डोक्याला मार लागला की डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय खेळायचं नाही. रिझवाननं प्रॅक्टिसला विचारलंसुद्धा, "हेडेक वगैरे?" वेदांग म्हणाला, "नो, कोच." बाप शेजारी उभा होता, त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो बुटाची लेस बघत राहिला. कारण फायनल तोंडावर आली होती. मला अजून त्या लेसचा राग येतो.

फायनल उम्म अल कुवैनला होती. गाडीत मीही होते, मागे वेदांगशेजारी. बाहेर धूळ दाटलेली, ऊन नव्हतंच, तरी त्यानं गॉगल काढला नाही. हेमा पुढून वळून म्हणाली, "हात वर करायचा. प्रत्येक वेळी. शपथ घे माझी."

"ओके, आई. प्रॉमिस."

भाऊंनी रेडिओचा आवाज वाढवला.

पहिल्या किकला वेदांगनं शब्द पाळला. हात डोक्यावर नेऊन हलवला, चेंडू झेलला आणि उभा राहिला. त्याच्याभोवती सगळे थांबले. हेमानं घट्ट धरलेला माझा हात सोडला. भाऊ नुसते चुकचुकले. मग आपला संघ मागे पडत गेला, तसे ते बाकाच्या टोकाला सरकत गेले.

उत्तरार्धात एक किक खूप उंच गेली. मी चेंडूकडे बघितलंच नाही, धावणाऱ्यांकडे बघत होते. त्यांच्यातला एकही सैल पडला नाही. लाल बाण त्यांनी नीट अभ्यासले होते. वेदांगचा हात वर येऊ लागला, खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात माझ्या शेजारचा माणूस बाकावर चढला आणि सांगलीच्या मैदानातला सगळा दम लावून ओरडला, "वेदांग! घूस! रिकामा येऊ नको!"

मैदान लहान आणि माणसं मूठभर, त्यामुळे त्याला ऐकू गेलंच. हात खाली आला.

हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. पोरगं पडलं, पण लगेच उठलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते चालत चालत समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलं आणि हेल्मेट काढायला लागलं. रिझवान धावला, मागून आम्ही. वेदांगनं बापाकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "बाबा, आपण घरी कधी जायचं?"

देवाशप्पथ सांगते, क्षणभर उपेंद्रभाऊंचा चेहरा खुलला. "जाऊ या ना, राजा. आत्ता जाऊ."

"बाबा, आपण घरी कधी जायचं?"

तोच सूर, तोच चेहरा, जणू पहिल्यांदाच विचारतोय. अँब्युलन्समध्येही तेच चाललं होतं. प्रत्येक वेळी भाऊ "आत्ता जाऊ" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज बारीक होत होता. मग वेदांगनं विचारायचं थांबवलं. ते जास्त भयंकर होतं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलातल्या डॉक्टर सफा यांनी विचारलं, याआधी कधी मार लागला होता का, कारण पहिला भरून येण्याआधी दुसरा बसलेला दिसतोय. हेमानं नवऱ्याकडे पाहिलं. "हो," उपेंद्रभाऊ म्हणाले. "मला माहीत होतं." त्या दिवसापासून हेमा त्यांच्याशी बोललेली नाही.

ऑपरेशन झालं. वेदांगनं डोळे उघडले, पण बोलत नव्हता. काही दिवसांनी डॉक्टर सफा त्याच्यावर वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "वेदांग, रेझ युअर राइट हँड."

त्याला समजलं. हात उचलला, हळूहळू पार डोक्यावर नेला आणि हलवायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. "गुड, व्हेरी गुड, खलास," डॉक्टर म्हणाल्या; अरबीत खलास म्हणजे पुरे. तो थांबेना. छताकडे डोळे लावून हात हलवतच राहिला, वरून काहीतरी येत असल्यासारखा.

उपेंद्रभाऊंनी जवळ जाऊन तो हात दोन्ही हातांत धरला. "खाली घे रे, राजा. कुणी येत नाहीये आता."

हात खाली येईना.