दुसरीचा वर्ग कोकणात

मुलांनो, नव्वदच्या दशकात मी शाळा तपासायला जात असे. एकदा हिवाळ्यात निमगाव केतकीजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत गेले. दुसरीच्या रांगेतली मुलं वाचनात फारच तरबेज निघाली. मी एका मुलीला विचारलं, "खरं सांग, कितवीत आहेस?"

"चौथीत हाय. गुर्जी म्हणले, आज दुसरीत बस. दुसरीची पोरं मेंढरांमागं कोकणात गेल्यात."

गुरुजींचा चेहरा उतरला. रिकामा वर्ग दिसला तर शाळेला वाईट शेरा मिळेल, अशी त्यांना धास्ती होती. मी रागानं शेरेबुक उघडलं, तशी ती मुलगी धावत जाऊन कपाटातून पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आली.

"बाई, आदी ही तर बगा!"

दुसरीची मुलं कोकणात निघाली तेव्हा गुरुजींनी प्रत्येकाला शाळेचा पत्ता घातलेली कार्डं दिली होती. मुलं वाटेतून अभ्यास लिहून पाठवत होती. एकावर वाकड्या अक्षरांत होतं, "आज पेणला हाय. मेंढीला कोकरू झालं. सात दुने चौदा."

"गुरुजी, पुन्हा असली उसनी पोरं बसवू नका," मी म्हटलं आणि शेरा लिहिला, "दुसरीचा वर्ग गैरहजर. अभ्यास उत्तम चालू आहे."