मामांनी ठरवलेली आयुष्यं

मी चार महिने एक विमान औरंगाबादला उतरतच नाही असं धरून चाललो होतो. विमान मात्र रोज उतरत होतं. सकाळी मुंबईहून निघायचं, औरंगाबादला टेकायचं, चार माणसं उतरवून सहा माणसं घ्यायचं आणि पुढे नागपूरला जायचं. आणि मी अंधेरीच्या आमच्या इंजिनदुरुस्तीच्या कारखान्यात, नोंदणी विभागातल्या लाकडी टेबलाशी बसून, फ्लाइटचा नंबर एक म्हणजे उड्डाणही एक, अशा सरळ मनानं रजिस्टरात 'एक' लिहायचो. अक्षर माझं फार सुंदर. पुढे चौकशी झाली तेव्हा साहेबांनीसुद्धा त्याचं कौतुक केलं.

ही चूक मला भोवायला हवी होती. ती भोवली माझ्या बायकोच्या मामांना. सटवी म्हणे सहाव्या दिवशी येऊन मुलाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. तर विमानाच्या इंजिनांची सटवी म्हणजे आमचे मामा. फक्त इंजिनांचीच नव्हे, घाटकोपर ते अंधेरी या टापूत ज्या ज्या वस्तूला मामांचा हात लागला, तिची मरणतिथी त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती, आणि त्या तिथीच्या पुढे एक दिवसही कुणाला जगू दिलं नाही.

कामच तसं होतं त्यांचं. विमानाच्या इंजिनाच्या पोटात धातूच्या जाड चकत्या असतात, त्यांच्या कडेला पाती खोचलेली असतात. विमान उडालं की चकती तापते, भोवऱ्यासारखी गरगरते, ताणली जाते. उतरलं की निवते. एकदा उडणं आणि एकदा उतरणं, हा तिचा एक फेरा. अशा किती फेऱ्यांनंतर चकती इंजिनातून कायमची काढायची, तो आकडा परदेशातून, बनवणाऱ्यांकडून यायचा. पण त्यांना आपल्या समुद्राचा खारा वारा काय ठाऊक, आपली धूळ काय ठाऊक, म्हणून त्यातून आणखी किती कापायचे ते मामांच्या टेबलावर ठरायचं. कुठल्या चकतीचे किती फेरे झाले ते मी लिहायचो, मामा तपासायचे, आणि खाली आपला गोल शिक्का मारायचे. पितळेचा, सुपारीएवढा, मध्ये त्यांचा नंबर. एकतीस वर्षांत तो चुकीच्या कागदावर पडला नव्हता. लोक घर दाखवतात, मुलांची प्रगतिपुस्तकं दाखवतात. मामा आलेल्या पाहुण्याला खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून शिक्का दाखवायचे. पाहुणा बिचारा प्रसाद समजून हात पुढे करायचा.

कामाची ही पद्धत मामांनी कारखान्याच्या फाटकाशी सोडली असती तर मामी सुखी झाल्या असत्या. पण एकदा त्यांच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली आणि मामा सहा दोऱ्या घेऊन आले. मला वाटलं, पाच वर्षांची बेगमी. छे! त्या सगळ्या तोडून बघायच्या होत्या. गॅलरीच्या तुळईवरून दोरी टाकायची, टोकाला भरलेली बादली बांधायची, आणि ती वर चढवायची, खाली सोडायची, दोरी झिजून तुटेपर्यंत. चढवण्या-उतरवण्याचा मान जावयाचा. तो रविवार मी विसरणार नाही. तिन्ही मजल्यांवरची माणसं कठड्याशी उभी राहून मोठमोठ्यानं मोजत होती, खालून कुणीतरी ओरडला, "अरे, जावयाला पण एक नंबर द्या, हा आधी तुटणार!" एकाच गुंडाळीतल्या सहा सख्ख्या बहिणी, पण एक लगेच गेली आणि एक संध्याकाळपर्यंत हसत होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दंडांत गोळे आलेल्या अवस्थेत म्हटलं, "मामा, आता सहांची सरासरी काढा आणि मला सोडा."

मामांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू भाचीची पत्रिका परत काढून बघायला हवी. "सरासरी?" ते म्हणाले. "जावईबापू, विमान पडतं तेव्हा सरासरी माणूस मरत नाही. जी सगळ्यात दुबळी, तिचा आकडा घ्यायचा. त्याचे तीन भाग करायचे. दोन सोडून द्यायचे."

"दोन कशाला सोडायचे?"

"सातव्या दोरीसाठी."

"पण मामा, दोऱ्या सहाच आणल्या होत्या."

"तेच सांगतोय. न आणलेली सातवी ह्या सहांहून दुबळी असू शकते. आपण वापरणार ती सातवी."

मला तेव्हा वाटलं की हा माणूस उन्हातून फार फिरलाय.

कुकरच्या रबराचंही तेच. ते किती महिने वापरलं याला मामांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. किती वेळा तापलं आणि किती वेळा निवलं ते सांगा. त्यासाठी स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीवर खडूनं रेघा मारायची सक्ती होती. मामी मूळच्या मालवणकडच्या, त्या पाहुण्यांदेखत म्हणायच्या, "वरण शिजला काय नाय ता ह्या घरात कोण इचारणा नाय, कुकर कितींदा चढलो ता आधी लिवा!" पण रेघ मारायच्या. न मारली तर मामा रबर शून्यावर आलं असं समजून ते कापत. हो, कापतच! आयुष्य संपलेली वस्तू मामा नुसती टाकत नसत, तिचे दोन तुकडे करत. कारखान्यात बाद चकती करवतीनं कापतात, कुणी पुसूनपासून पुन्हा बसवू नये म्हणून. घरात तोच न्याय. छत्री कापत, पट्टा कापत, चांगल्या तळाची पिशवी तळातून उभी फाडत. त्यांच्या गल्लीतल्या भंगारवाल्यानं त्यांच्या जिन्याखाली हाक मारायचंच सोडून दिलं होतं.

एकदा मी दाराशी काढलेल्या चपला त्यांनी उचलून बघितल्या. "अंगठा कधी बसवलात?"

"गणपतीच्या सुमाराला असेल."

"कुठल्या गणपतीच्या?"

मी बोटांवर गणपती मोजू लागलो.

"नोंद नाही म्हणजे आयुष्य शून्य," असं म्हणून, माझा चहा पिऊन व्हायच्या आत, त्यांनी पक्कडीनं दोन्ही अंगठे तोडले. "मामा, चांगल्या होत्या हो!" मी कळवळलो. "चांगली असतानाच काढायची," मामा शांतपणे म्हणाले, "वाईट झाल्यावर ती स्वतःच निघते. आणि मग आपल्याला विचारत नाही." मामींच्या मोरीतल्या सपाता घालून मी घाटकोपरहून अंधेरीला घरी आलो. बायकोनं दार उघडून पायांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मामाकडे गेला होतास ना?"

तर अशा माणसाच्या शिक्क्याखाली मी चार महिने औरंगाबाद गिळत होतो.

उघडकीला आलं ते पेढ्यामुळे. आमचा एक फिटर बायकोमुलांना वेरूळ दाखवून आला होता आणि मुलगी पास झाल्याचे पेढे वाटत टेबलाटेबलाशी सांगत होता, "विमानानं गेलो ना साहेब! आपलं नागपूरचंच, मध्ये औरंगाबादला उतरतं रोज. झकास!" मामांचा पेढ्याचा हात तोंडापर्यंत जाऊन थांबला. तो पेढा त्यांनी माझ्या रजिस्टरावर ठेवला. कारखान्यात ते मला आडनावानं हाक मारायचे, त्या दिवशी पहिल्यांदा तिथे म्हणाले, "जावईबापू, हे विमान औरंगाबादवरून जातं, की औरंगाबादला उतरतं?"

मी आत्मविश्वासानं सांगितलं, "वरूनच जात असणार मामा. नंबर एकच आहे."

मामांनी चार महिन्यांची चार पत्रकं काढली, खालचे आपले चार शिक्के एकदा बघितले, आणि प्रत्येक 'एक'च्या जागी पेन्सिलीनं 'दोन' लिहीत गेले. शेवटच्या पत्रकाशी पेन्सिल थांबली. मामांनी ठरवलेली हद्द ती चकती तीन आठवड्यांपूर्वीच ओलांडून गेली होती, आणि त्या क्षणी ती नागपूरच्या फेरीतून मुंबईकडे परत येत होती, आत शंभरेक माणसं घेऊन. मामांनी विमानतळावर फोन लावला. उतरल्यावर हे विमान पुन्हा उडवायचं नाही, एवढंच बोलले. मग ते उतरल्याचा उलट फोन येईपर्यंत पाऊण तास उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांना दिसली नाही. त्या पाऊण तासात मी सिद्धिविनायकापासून आमच्या गावच्या वेतोबापर्यंत सगळ्यांना इतके नवस बोललो की ते फेडता फेडता माझंच आयुष्य संपायचं.

उतरलं. संध्याकाळचं उड्डाण रद्द झालं, उतारूंनी आरडाओरडा केला, कुणा मोठ्या माणसाचं लग्न चुकलं. इंजिन उतरवलं, चकती सोडवली आणि काळोख्या खोलीत नेली. तिथे तिच्यावर एक चमकणारं तेल सोडून निळ्या दिव्याखाली बघतात. केसाएवढा तडा असला तरी हिरवी रेघ उमटते. मी दाराबाहेर नखं खात उभा. तासाभरानं तपासनीस बाहेर आला, "एक रेघ नाही. नवीकोरी आहे." मी उडीच मारली. "मामा, काही झालेलं नाही! नवीकोरी आहे!"

"मला माहीत होतं," मामा म्हणाले. "तिला अजून दुप्पट चालायची ताकद आहे. म्हणून परत बसवायची का?"

मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिचे करवतीनं दोन तुकडे झाले. मामा शेजारी उभे होते.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मला जे बोलणं बसलं ते मी इथे लिहीत नाही, घरात मुलं वाचतात. अक्षराचं कौतुक त्यातच झालं. मग साहेब मामांकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "तुमचं काही नाही हो. चूक ह्या गाढवाची आहे. तुम्हीच पकडलीत ती." तेव्हा मामांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि शिक्का टेबलावर ठेवला.

"हा जमा करून घ्या साहेब."

"अहो, काय हे! दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. तुमच्या कामात कुठे तडा गेलाय का?"

"चकतीला पण नव्हता," मामा म्हणाले.

साहेबांनी शिक्का परत मामांकडे सरकवला. मामांनी तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "पूर्वी मी टाइमटेबल शेजारी ठेवल्याशिवाय शिक्का मारत नव्हतो. हल्ली ह्यांचं अक्षर बघून मारतो. हे कधीपासून झालं, ते मला सांगता येत नाही. नोंद नाही."

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, मामा, राजीनामा मी देतो, तुम्ही राहा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो नंतर कितीतरी वेळ तिथे आहे असं मला वाटत राहिलं. म्हणाले, "तुम्ही आत्ताच चुकलायत, म्हणजे आता कुठे कामाचे झालात. शेजारी टाइमटेबल ठेवत जा." आणि खाली उतरून गेले. तीन महिन्यांची नोटीस त्यांनी शिक्क्याशिवाय पुरी केली. त्या तीन महिन्यांत त्यांनी नव्या तपासनीसाला सगळं शिकवलं, आणि कुणाच्याही कागदाला बोट लावलं नाही.

आता मी दर रविवारी घाटकोपरला जातो. मामांच्या गॅलरीवरून विमानं सांताक्रूझला उतरतात, इतक्या खालून की चाकं दिसतात. विमान आलं की मामा बोलता बोलता थांबतात, ते छपरांपलीकडे दिसेनासं होईपर्यंत बघतात, हलकेच "झाला एक" म्हणतात आणि राहिलेलं वाक्य पुरं करतात. शिक्क्याबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. पण बोलताना त्यांचा हात अधूनमधून सदऱ्याच्या खिशाकडे जातो, रिकामा खिसा चाचपतो, आणि मांडीवर परत येतो. ते बघवत नाही.

परवा मला राहवलं नाही. मामी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्यादेखतच म्हटलं, "मामा, किती मनाला लावून घ्याल? एकतीस वर्षांत तुमच्या हातून चुकीचा असा एकच माल पास झाला. एकच!"

मामा नेहमीसारखे आकाशाकडे बघत राहिले. मामींनी कप माझ्या पुढ्यात ठेवला.

"एक नाय, दोन," त्या म्हणाल्या. "तुमचा स्थळ पण ह्येंनीच पास केल्यांनी."