शेठच्या तोंडून आप्पासाहेब

परवा माझ्या मुलीने मोबाइलवर माझ्या नावाचा अर्थ शोधून काढला. "बाबा, आप्पासाहेब म्हणजे वडिलांसारखा, आदरणीय," असं तिने मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. मी म्हटलं, ठेव तो मोबाइल. ज्याने कुणी हे लिहिलंय त्याला हे नाव लावून एक वर्ष शाळेत बसवलं पाहिजे. मला गुरुजी "साहेब, जरा फळा पुसता का?" म्हणायचे आणि अख्खा वर्ग खिदळायचा. आदर कसला डोंबलाचा!

आमच्या भागात असली नावं पैशाला पासरी. कर्नाटकाची हद्द जवळ, तिकडे आप्पा म्हणजे बाप. घरातल्या थोरल्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, आणि तेच नाव नातवाला ठेवलं तर त्याला हाक कशी मारायची? म्हणून पोरालाच आप्पा, आबा, दादा म्हणायचं. शाळेत घालताना त्याला साहेब चिकटवायचं, की झालं नाव तयार. लोकांना यात काय गोड वाटतं ते मला ठाऊक आहे. पाळण्यातल्या पोराला काही न करता मान मिळतो. पण माझं नाव असल्या मायेतून आलेलं नाही, ते रागातून आलंय.

वडील मूळचे गडमुडशिंगीचे. कोल्हापुरात गुळाच्या एका अडत दुकानात हमाली करायचे. तीस वर्षं त्यांनी पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे जडशीळ ढेपा वाहिल्या, पण शेठने त्यांना एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए मुडशिंगी", बस्स. माझ्या बारशाच्या आदल्या दिवशी वडिलांनी आत्याला बजावलं, पोराच्या कानात आप्पासाहेबच सांगायचं. उद्या शेठला हमालाच्या पोराला हाक मारायची झाली तर झक मारत साहेब म्हणावं लागेल, असा त्यांचा डाव. स्वतः त्या माणसापुढे ब्र काढायचा नाही आणि भांडण अडकवायचं तान्ह्या पोराच्या गळ्यात. मला याची अजून चीड येते.

सहा वर्षांचा झालो तेव्हा ते मला मुद्दाम दुकानात घेऊन गेले. शेठ तेव्हा ऐन तिशीतला, गादीवर रेलून बसलेला. त्याने नाव विचारलं. मी घरी घोकून घेतल्याप्रमाणे खणखणीत सांगितलं, "आप्पासाहेब."

शेठ पोट धरून हसला. "मग आम्ही कोण रं, आप्प्या?"

दुकानातले सगळे हसले. वडीलही हसले. त्यांचं ते हसणं मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

नोकरी लागल्यावर मी नाव बदलायचा अर्ज घरी आणला. मला चारचौघांसारखं साधं नाव हवं होतं. वडिलांनी माझा हात धरला. "थांब की जरा. त्येच्या तोंडनं एकदा ऐकू दे मला. मग काय पायजे ते लाव, गाढव म्हणून लाव." मी संतापलो, चार दिवस जेवताना बोललो नाही, पण अर्ज काही भरला नाही. पुढे दर दिवाळीला ते विचारत राहिले, "शेठ कुठं भेटला व्हता काय?" म्हातारपणी माणसाला देव आठवतो म्हणतात. यांना शेठ आठवत होता.

गेल्या वर्षी शेठच्या जमिनीचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं. मी कागलच्या एका कचेरीत आहे. सोमवारी ते स्वतः येणार होते. मी घरी बोललो आणि वडिलांनी रविवारीच टोपीला इस्त्री करून घेतली. सोमवारी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. कचेरीच्या दारात मी त्यांना बजावलं, "तिथं काही बोलू नका. नुसतं ऐका." बाकड्यावर जागा नव्हती. शिपाई चहाला गेला होता, त्याच्या स्टुलावर ते बसले.

शेठ काठी टेकत आले. आता सत्तरी ओलांडलेले, अंग पार सुकलेलं. टेबलावरची पाटी त्यांनी चष्मा सरकवून वाचली आणि हात जोडले. "नमस्कार, आप्पासाहेब."

मला त्यांनी ओळखलं नव्हतं. "आप्पासाहेब, या वयात हेलपाटं झेपत न्हाईत. एवढं काम मार्गी लावा, आप्पासाहेब." मी वडिलांकडे पाहिलं. ते स्टुलावर पुढे झुकून बसले होते, डोळे भरलेले. मला म्हणायचं होतं, शेठ, मी तुमच्या मुडशिंगीचा मुलगा. तुम्ही आप्प्या म्हणून हसला होता, तोच. हे वाक्य मी कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं.

तेवढ्यात शेठला ठसका लागला. टेबलावरची रिकामी बाटली उचलून त्यांनी तोंडाकडे न बघताच स्टुलाकडे धरली. "ए, जरा पाणी भरून आण, जा."

वडील उठले. मी नुसतं म्हणायला हवं होतं, ते माझे वडील आहेत. पण समोर चार कारकून बसलेले. ते माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून फाइल उघडली. वडिलांनी बाटली भरून आणली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि दोन्ही हातांनी शेठपुढे धरली. शेठ पाणी प्यायले आणि बाटली त्यांच्याकडे परत देऊन माझ्याशी बोलू लागले.

त्यांचं काम मी नियमाप्रमाणे करून दिलं. शेठवर राग काढायचं तोंड मला उरलं नव्हतं.

संध्याकाळी परत येताना वडील हायवेवरच्या वाऱ्यात माझ्या कानाशी ओरडत होते, "म्हणाला की रं! तीनदा म्हणाला! म्या मोजलं!" पाण्याबद्दल अवाक्षर नाही. दोन्ही हातांनी त्यांनी माझे खांदे घट्ट धरले होते. "चहा घ्यायचा काय? थांबीव की कुठंतरी. आज चहा माझ्याकडनं."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांच्याकडे वळून बघावं लागलं असतं.