चाचांच्या शालीतलं रेशीम

माझं गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. बाहेरून आलेल्या स्वस्त शालींपुढं आपल्या इथल्या रेशीम-सुती हिमरू शालींना कुणी हात लावेना, तेव्हा माझं डोकं फिरलं. मुळात मी तापट. व्यापाऱ्यांच्या बैठकीत ‘आयात बंद करा’ म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझाच. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटीच लावली: ‘इथे परदेशी काहीही मिळणार नाही.’

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते चाचाच यायचे थांबले. हातमागावर हिमरू विणणारे आता मोजकेच; त्यांच्यातले ते एक. माझ्या वडिलांपासून त्यांचा माल आमच्याकडं. महिना झाला, पत्ता नाही. मग कानावर आलं, चाचांनी माग विकायला काढलाय. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

“चाचा, रागावलात का माझ्यावर?”

“गुस्सा कायचा, बेटी? पाटी वाचली मी. माझ्या शालीतलं रेशीम चीनचं हाय. त्या पाटीखाली माझा माल ठिवला तर खोटं व्हईल ना.”

इतक्या वर्षांत धागा कुठून येतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. लाजेनं कान तापले. तरी हट्ट सुटेना. “मग बाहेरच्या तयार शालींवर कर लावा म्हणू, धाग्यावर नको.”

चाचा हसले. “आन् जालन्याकडं रेशीमकिडे पाळतेत, ते शेतकरी? ते म्हंतेत धाग्यावरच लावा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बेटी.”

कर कशावर लावावा, हे मला आजही पुरतं ठरवता आलेलं नाही. पाटी मात्र त्याच दिवशी उतरवली. त्याऐवजी चाचांच्या प्रत्येक शालीला चिठ्ठी लावली: कुणी विणली, किती दिवस लागले, रेशीम कुठलं. ‘चीनचं’ असं स्वच्छ लिहिलं. वाटलं, गिऱ्हाईक नाक मुरडेल. उलट लोक थांबून वाचू लागले, शेजाऱ्याला वाचून दाखवू लागले. दिवाळीपर्यंत चाचांच्या सगळ्या शाली गेल्या. वेरूळ बघून आलेल्या एका जपानी बाईंनी तर आपल्या गावच्या दुकानासाठी मागणी नोंदवली. त्यांच्या देशानंही माझ्यासारखंच दार लावलं असतं, तर ही मागणी आलीच नसती.

ती मागणी सांगायला चाचांकडं गेले, तर दारात माग बघायला आलेला माणूस उभा. चाचा काही बोलायच्या आत मागावर बसलेली त्यांची सून आतूनच म्हणाली, “हा नाय मिळणार, भाऊ. उलट आमच्यासाठी अजून एक कुठं मिळतो का, तेवढं बघा.”