गावंडे काका आणि ब्रेकचा पंप

माझ्या लग्नात अंतरपाट धरायच्या आधी गावंडे काकांनी दोन्ही हार हातात घेऊन जोरात खेचून पाहिले होते. एक तुटला. भटजी बघतच राहिले, मुलीकडच्यांचे चेहरे उतरले आणि काका शांतपणे म्हणाले, "आत्ता तुटला ते बरं झालं ना बाप्पा! पोरीच्या गळ्यात तुटला असता तर?" कोणीतरी दुसरा हार आणायला धावलं, मुहूर्त टळला आणि माझ्या सासुरवाडीने या गृहस्थांना जन्मभरासाठी लक्षात ठेवलं.

काका खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासणीला होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू घ्यायची, मापायची आणि पास की रिजेक्ट ते लिहायचं, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. कांचघर मोहल्ल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळे आमचं दार, आमचा गॅस आणि आमचा जिना त्यांच्या हाताखालून गेलेला आहे. कोणी "असेल चार फूट" म्हटलं की ते कळवळून म्हणायचे, "अंदाजपंचे नको सांगू बेटा. टेप आण." कुमुदकाकू म्हणतात, "माझ्या पोळ्यांवर शिक्का नाही मारत, एवढी यांची कृपा."

त्यांच्याकडे अकरा वर्षांची पांढरी गाडी आहे. मला गाडी त्यांनीच शिकवली, आणि मी कधी चांगला शिकलो असं त्यांनी आजवर कबूल केलेलं नाही. काकूंची बहीण महाराजपूरला अंथरुणाला खिळलेली आहे. दर शनिवारी काका काकूंना तिच्याकडे घेऊन जायचे. त्या गाडीवर त्यांचा जीव होता, आणि ती चालवण्यावर त्याहून जास्त.

गेल्या पावसाळ्यात रस्त्यात अचानक गाय आडवी आली. काकांनी ब्रेक मारला, चाकं जाम झाली, गाडी घसरत गेली आणि चहाच्या टपरीचं बाकडं मोडून थांबली. गाय जागची हलली नाही. कोणाला लागलं नाही, पण हैदराबादहून त्यांच्या मुलाचा, आशिषचा फोन आला. "बाबा, आता बस. वय झालं. गाडी विकून टाका."

गाडीत डॅशबोर्डच्या काचेखाली ब्रेकचा पिवळा दिवा लागलेला होता. काका त्याकडे बोट दाखवून फोनवर ओरडले, "गेला तो पंप आहे! मी नाही गेलो!"

शेवटी तह झाला. दोष पंपाचा, आपला नाही, हे दिवाळीला आशिष येईपर्यंत काकांनी सिद्ध करायचं. जमलं तर किल्ली त्यांच्याकडे, नाही तर गाडी विकायची.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला ओसरीवर बसवून पंप समजावला. "जोरात ब्रेक मारला की चाक जाम होते. जाम झालं की गाडी घसरते, स्टिअरिंग ऐकत नाही. हा पंप अन् त्याचे व्हॉल्व्ह काय करतात, जाम होणाऱ्या चाकाचा ब्रेक जरासा सोडतात, पुन्हा दाबतात. एका सेकंदात कितीतरी वेळा. आम्ही फॅक्टरीच्या जुन्या जीपला हेच पायानं करायचो. दाब, सोड, दाब, सोड. आता पायाखाली पेडल थरथरलं तर लोक घाबरून पाय काढतात. काढायचा नाही! दाबून धरायचा. समजलं? काय समजलं, सांग." मी सांगितलं. त्यांनी दोन चुका काढल्या.

गंमत म्हणजे, पंपावर आरोप केला असूनही त्यांनी तो लगेच उघडला नाही. "चौकशीशिवाय रिजेक्ट नाही करायचं." आधी फ्यूज पाहिला, मग तारा पाहिल्या, मग चाकाचा वेग मोजणारे चारही सेन्सर काकूंच्या नव्याकोऱ्या टूथब्रशने घासले. दिवा जाईना. मग पंपाच्या मोटरला बॅटरीचा करंट थेट देऊन पाहिला. मोटर ढिम्म. काकांना एवढा आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

नागपुरातून नवा पंप आला. जुन्याला सहा नळ्या. प्रत्येकीला त्यांनी चिठ्ठी बांधली, सुटलेली तोंडं बुचांनी बंद केली, आणि ब्रेक ऑइलने रंग जातो म्हणून गाडीवर काकूंचं जुनं लुगडं पसरलं. नवा पंप बसला. आता नळ्यांतली हवा काढायची होती. काकू स्टिअरिंगमागे, काका चाकाशी.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

तीन सकाळी हे चाललं. पेडल काही कडक होईना. "अहो, हे तिंबलेल्या कणकेवानी लागून राहिलं," काकू म्हणाल्या. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या इमरानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चाचाजी, हवा पंप के अंदर फँसी है. मशीन लगानी पड़ेगी, वो पंप को चलाएगी तब निकलेगी." त्यावर "अब मशीन मुझे सिखाएगी?" असं उत्तर मिळून तो गेला होता. चौथ्या दिवशी काका स्वतः गॅरेजमध्ये गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "बेटा, मैं ग़लत था. ले आ तेरी मशीन." मशीन आली, पंप घुरघुरला, हवेचे बुडबुडे निघाले, पेडल दगडासारखं झालं आणि पिवळा दिवा गेला. मी म्हटलं, झालं, जिंकलात.

"तपासलं कुठं अजून?"

महाराजपूरच्या पलीकडे एक नवी कॉलनी आखलेली आहे. रस्ते झालेत, घरं नाहीत. सकाळी पाऊस पडून गेला होता. काकांनी चुन्याची रेघ मारली. ठरलेल्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा. आधी मी. पेडल पायाखाली थरथरलं, मी दाबून धरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. तीन वेळा मापून काका म्हणाले, "पंप पास." मग म्हणाले, "आता मी."

पहिल्या वेळी ते, मी थांबलो होतो तिथल्या खुणेच्या बरेच पुढे गेले. दुसऱ्या वेळी त्याहून पुढे. मी शेजारी बसलो होतो. पेडल थरथरलं की त्यांचा पाय उचलला जात होता. दाब, सोड. मला तासभर शिकवलेलं त्यांना पाठ होतं, पायाला नव्हतं. आणि रेघ दिसण्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत मधे काहीतरी हरवत होतं, ते मला कळलं, त्यांनाही कळलं.

तिसऱ्या वेळी मापताना टेपचं टोक माझ्या हातात होतं. खोटं कशाला बोलू, मी ते हातभर पुढे सरकवलं. मला त्यांची किल्ली वाचवायची होती.

काकांनी आकडा वाचला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "टोक रेघेवर धर."

"काका, रस्ता ओला आहे..."

"तुझ्या वेळी कोरडा होता काय? सॅम्पलवर माया नाही करायची, बेटा."

मी टोक रेघेवर धरलं. त्यांनी आकडा वहीत लिहिला, पुढे एकच शब्द लिहिला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी उगाच टेप गुंडाळत बसलो. येताना गाडी मी चालवली. माझं गिअर बदलणं इतकं वाईट, तरी त्यांनी एकही चूक काढली नाही.

काकू फाटकात उभ्या होत्या. काका डावीकडच्या दारातून उतरले. काकूंनी ते पाहिलं, आणि "काय झालं" हे तोंडावर आलेलं गिळून म्हणाल्या, "चहा टाकते."

काकांनी चहाची वाट पाहिली नाही. ओसरीवर बसून स्वतःच आशिषला फोन लावला आणि आपले तिन्ही आकडे वाचून दाखवले. मग आशिष हळूच म्हणाला, "म्हणजे मग गाडी विकायची ना, बाबा?"

"काहून?" काका म्हणाले. "गाडीत काय खोट आहे?"