सेनगावच्या जीपमधलं अर्धं गाणं

ओलसर सोयाबीनच्या पोत्यांचा वास आला की मला सेनगावची ती पोती नि माणसं कोंबलेली जीप आठवते. अमेरिकेतल्या चर्चमध्ये गाणाऱ्या बायांच्या आवाजाचा मी वेडा. त्या दिवशी ड्रायव्हरनं माझा मोबाईल स्पीकरला जोडू दिला आणि मी त्यांच्यातल्या सगळ्यात लाडकीचं गाणं लावलं. ती अगदी हळू सुरुवात करते, मग आवाज असा चढतो की अंगावर काटा येतो. तो चढायच्या आतच मागून एकजण ओरडला, "काहून रडून राहिली ही बाई? बदला!" ड्रायव्हरनं वायर उपटली. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "राहू द्या ना. लेक गेली तवा मीबी असाच गळा काढला व्हता." तिचं कुणीच ऐकलं नाही, मीही मोबाईल खिशात टाकला. पुसेगावला ती उतरून गेली. तोवर मोबाईल तिच्या कानाशी धरून पुढचं ऐकवावं, एवढंही मला सुचलं नाही, याची चीड अजून जात नाही.