पाझराच्या पाण्याचा गिलास

आज सकाळी दार उघडलं तर घरात तलावाचा वास शिरला. पाण्याचा नाही, पाण्याला वास नसतो. तळचा काळा गाळ, त्यात कुजलेली कमळाची पानं, शिंपल्या, मासळीची खवलं, या साऱ्यांचा ओला, थंड, थोडा लोखंडासारखा वास. चार दिवसांपासून पाऊस थांबला नाही. पावसाला मी भीत नाही, या वासाला भितो. हा पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाचा वास आहे. बाहेरच्या अंगाला त्याचं काही काम नाही, आणि माझं घर बाहेरच्या अंगाला आहे.

तुम्ही कधी तलावाच्या पाळीखाली राहिला असाल तर तुम्हाला जास्त सांगावं लागणार नाही. अंगणात खाट टाकून बसलं की डोक्याच्या वर दोन पुरुष पाणी उभं असतं, आणि मध्ये असते नुसती माती. आमच्या पणज्यांनी डोक्यावर वाहून घातलेली. त्या पाण्यावर आमचे धान पिकतात, खालच्या गावच्या विहिरी भरतात, मासळी धरणाऱ्या ढिवरांच्या चुली पेटतात. उपकार विसरत नाही, पण ज्याचे उपकार त्याचंच भय, असं हे जिणं आहे. पूर्वी टेकडीवर पडलेलं पाणी जंगलातून झाडाझाडाशी थांबत, पानापाचोळ्यात मुरत, दोन दिवसांनी तलावात यायचं. आता टेकडी विरळ झाली. सकाळी पडलेलं पाणी दुपारी तलावात हजर, लालभडक, घाईत असलेल्या पाहुण्यासारखं. तलाव मात्र तेवढाच आहे, आणि त्याला जादा पाणी सोडायला एकच तोंड आहे, तो दगडी सांडवा.

माझी बायको अशाच एका पाळीखालच्या गावातून आली होती. पाळीच्या पायथ्याशी, आमच्या परड्यामागे, पावसाळ्यात एक पाझर लागतो. नव्या नवरीनं पहिल्याच वर्षी तो पाहिला आणि माहेरून आणलेला स्टीलचा गिलास त्याच्याखाली धरला. भरला की ओट्यावर ठेवायचा, अंगण झाडून व्हायचं, मग वरचं पाणी हळूच सांडून तळ पाहायचा. तळ चमकला तर दिवस चांगला. तळाशी माती बसलेली दिसली, तर पाळ कणाकणानं घर सोडून चालली. ती म्हणायची, पाळ रडते त्याचं भय नाही, पाळ माती रडायला लागली की भ्यावं. मी चौथी शिकलेला माणूस, ती तीही नाही. पण मला तिची थट्टा सुचायची.

"तुले तलावाची सासू केलं काय कोनी? रोज तपासनी करून राहिली."

"सासू नाई जी, शेजारीन आहो. शेजाऱ्याच्या घरात काय चालू आहे, मालूम पायजे."

चाळीस पावसाळे तो गिलास भरला. एक सोडून सारे चांगले गेले. त्या एकाचं सांगतो.

धान गर्भात होता, आणि पावसाच्या मधल्या खंडानं आम्ही पोळलो होतो. ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाटाच्या शेवटाला, त्या आम्ही पाच-सात जणांनी सांडव्यावर रेती भरलेल्या पोत्यांच्या चुंगड्या मांडल्या. वीतभर पाणी जास्त अडलं तर शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचतं, एवढाच हिशोब. तिकडे मासळीवाल्यांनी त्याच सांडव्यावर बांबू रोवून जाळं लावलं, उसळत्या पाण्यासंगं मासळी पळून जाऊ नये म्हणून. मग पाऊस लागला. बेशरमीचे वेल, शेवाळ, पानं येऊन जाळ्यात अडकली आणि जाळ्याची भिंत झाली. आमची चूक त्यांना दिसत होती, त्यांची आम्हाला दिसत होती. तलाव चढत होता ते साऱ्यांना दिसत होतं. काढलं कोणीच नाही.

भर दुपारी सांडव्यावर दोन्ही बाजू उभ्या होत्या. मासळीवाल्यांचा म्होरक्या माझ्याच वयाचा, लहानपणी याच तलावात आम्ही संगं पोहलो. तो म्हणाला, "तुमी चुंगड्या उचला, मंग आमी जाळं उचलतो."

मी म्हणालो, "जाळं पयले. तुमच्या मासळीपायी गाव बुडवाचं काय?"

"अन तुमच्या धानापायी बुडलं तं पुन्य लागते काय जी?"

लोक हसले. मलाही हसू आलं असतं, पण आलं नाही. तेवढ्यात बायको पाळीवरून येताना दिसली. हातात गिलास, त्यावर पदर धरलेला, पावसाचा थेंब आत पडू नये म्हणून. सांडव्याच्या दगडावर गिलास ठेवून, वर पदर तसाच धरून ती बसली. आमचं भांडण चालूच. बऱ्याच वेळानं म्हणाली, "भांडून घ्या. पन इकडं पाहून भांडा." गिलास तिरपा केला, वरचं पाणी सांडलं. तळाशी नखाएवढी लाल माती बसली होती.

"ही माती धानाची आहे का मासळीची, सांगा कोनी."

 ती माती कुठून आली ते मला माहीत होतं. माझ्या परड्यामागून, माझ्या चुलीपासून वीस पावलांवरून. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि एका चुंगडीचा कान धरला. "अवो, उभे काय राहिले? ही आपली आहे, मीच शिवली." मग मी उतरलो. म्होरक्यानं जाळ्यावर विळा चालवला. त्याची मोठमोठी रोहू डोळ्यांदेखत निसटली, आणि तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत कापत राहिला.

खालच्या गावाला तिनं आधीच निरोप धाडला होता. पाणी सोडलं की ते त्यांच्याच नाल्यात जाणार. तिथले लोक फावडी आणि तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घेऊन आले. म्हणाले, "सोडा, पन एकदम नोका सोडू." म्हणून एकेक चुंगडी निघाली, आणि निघालेली प्रत्येक चुंगडी खांद्यावरून पाळीखाली गेली, पाझराभोवती गोल रचायला. आत तणीस अंथरली. पाणी बाहेर यावं, माती येऊ नये. ज्या चुंगड्यांनी पाळ बुडवत आणली होती, त्यांनीच ती धरली. मी त्या गोलात उभा होतो आणि पायाखालची जमीन श्वास घेते आहे असं मला वाटत होतं. आजही स्वप्नात वाटतं.

दिवस मावळता गिलासाचा तळ चमकला.

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी तिन्हीकडचे लोक मिळून सांडवा साफ करायचे, पाळीवरची झुडपं काढायचे, खेकड्यांची बिळं बुजवायचे. बोलवायला ती घरोघर जायची, गिलास हातात घेऊन. मागच्या हिवाळ्यात ती गेली. यंदा कोणी कोणाला बोलावलं नाही. लोकांना नावं ठेवत नाही. बोलवायचं काम माझं होतं, आणि मी तिच्या रिकाम्या खाटेकडे पाहत घरात बसून राहिलो. चूक माझी.

आज तो वास आला तेव्हा खुंटीवरचा गिलास काढला. भरला, ओट्यावर ठेवला, तिच्यासारखं अंगण झाडलं, वरचं पाणी सांडलं आणि तळ पाहिला. तळ धुरकट दिसला. पण मला सारंच धुरकट दिसतं. मोतीबिंदू पिकला असं लाखांदूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ती आजारी पडली आणि ऑपरेशन राहून गेलं. तळाला बोट लावलं. धानाची रोवणी करकरून माझी बोटं दगड झाली आहेत, त्यांना काही कळेना. माती होती की नव्हती? चाळीस वर्षं तिनं पाहिलं आणि मी ऐकलं. पाहायला मी शिकलोच नाही.

गिलास तळहातानं झाकून म्होरक्याच्या दारी गेलो. तो जाळं विणत होता. "या जी बुढोबा," म्हणाला, "जिवंत आहा काय?"

"पाय ना भाऊ. मले दिसत नाई."

त्यानं गिलास उजेडात धरला. मग आपलं बोट आत घातलं, बाहेर काढून अंगठ्यावर घासलं.  उठला, वळचणीला खोचलेला विळा काढला आणि शेजारच्या घराला हाक मारली.

आता ते सारे सांडव्यावर आहेत, तुंबलेलं तोंड मोकळं करताहेत. खालच्या गावाला फोन गेला. मला त्यांनी परत पाठवलं, तुमाले दिसत नाई, पाय घसरंल म्हणून. ओट्यावर बसून अंदाजानं या ओळी ओढतो आहे. वास तसाच आहे. पाणी सांडव्यावरून पडू लागलं की आवाज इथवर येतो. अजून आला नाही. माणूस जातं तेव्हा त्याच्यासंगं काय काय जातं हे लगेच कळत नाही, एखाद्या पावसाळ्यात कळतं. गिलास पुन्हा भरून ठेवला आहे. कोणी या बाजूनं आलं की आधी त्याच्या हाती देईन, तळ पाहायला. तोवर त्यावर हात धरून बसलो आहे, पावसाचा थेंब आत पडू नये म्हणून.